कोरी पाने वगळा

लाटण्याएवढं यंत्र, लोकरी मोज्यात गुंडाळून पाठीवर.
त्याला स्वतःची वीज नाही.
लॅपटॉपच्या कुशीतून एका वायरीने पितं,
आणि लॅपटॉप होडीतल्या बॅटरीवर वाढतो,
ती आज सकाळपासून रुसलेली.
चेलिनच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्रेसष्ट टक्के.

शाळेला सुट्टी. बाकं लहान मुलांची,
त्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले म्हातारे.
जमिनीचे कागद आणलेत:
पावाच्या पिशवीत, बिस्किटांच्या डब्यात,
एकाने तर बुटात, भरती होती म्हणे.

एका वेळी एकच, मी सांगते.
पिना काढा. घड्या उलट्या मोडा.
दोन्या एदुविना दातांनी पिन उचकटते,
तशीच ओठांत धरून ठेवते,
शिवायला बसल्यासारखी.

आर्तेमियो मियाकुराचा कागद आठ घड्यांचा.
यंत्राने कोपरा ओढला, तिरका,
कुरकुरलं,
थांबलं.
त्याचा श्वासही तिथेच अडकला.
"खातं का हे?"
नाही हो. नुसतं बघतं,
आणि लगेच विसरतं. लक्षात ठेवायचं काम याचं,
मी लॅपटॉपवर टिचकी मारते.
हळूच मागे ओढून, तळव्याने इस्त्री करून, पुन्हा.
या खेपेला गेला सरळ. निळा उजेड पोटातून सरकला.
पडद्यावर शिक्का, सही, कुंपणापासून ओढ्यापर्यंतची हद्द.

"आणि मागचं?"
मागे काही नाही, काका. कोरं आहे.
तो काही बोलला नाही.
कागद उचलून खिडकीशी गेला, काचेला लावला.
पावसाळी उजेडात वर आल्या
पेन्सिलीच्या रेघा, मुंगीच्या पायांसारख्या.
आईला लिहिता येत नव्हतं.
उभी रेघ म्हणजे बियाण्याच्या बटाट्यांची उसनी टोपली.
गोल म्हणजे परत केली.
रेघा सात.
गोल मी दोनदा मोजले. सहा.

एदुविनाने ओठांतली पिन काढली.
"सातवी आमच्याकडची," म्हणाली.
"जांभळे होते. माझा बाप मरेपर्यंत बोलून दाखवायचा."

खोलीत कुणीतरी हसलं, मग सगळेच,
आर्तेमियो सोडून.

सेटिंगमध्ये एक खूण असते, आधीपासूनच केलेली:
कोरी पाने वगळा.
तीन वर्षं मी ती पाहिलीही नव्हती.
किती बेटांच्या किती पाठी वगळल्या असतील,
आता कुणाला विचारू?
खूण काढली.

मग सगळंच यायला लागलं.
तेलाचे डाग, कपाची कडी,
चिरडलेला डास, पुढच्या बाजूची शाई आरपार उमटून
उलटी झालेली नावं,
आणि खरोखरच काही नसलेली पानं, पिवळट,
तीही जड, तीही बॅटरी खाणारी.
एकतीस टक्के.
कास्त्रोच्या ऑफिसातून फोन येईल:
रोसाउरा, फाइली दुप्पट कशा झाल्या?
सांगेन काहीतरी.

आर्तेमियो पेन्सिल मागायला आला.
सातव्या रेघेवर गोल काढू लागला,
तर एदुविनाने मनगट धरलं.
"टोपली दाराशी आली की."
"सप्टेंबरात देतो."
"मग सप्टेंबरात काढ."
बराच वेळ दोघं तसेच.
शेवटी तह झाला: अर्धा गोल.

"आता पुन्हा घाल," तो म्हणाला.
नऊ टक्के.
ऑफिसला अर्धा गोल कशाला हवाय,
हे ओठांवर आलं होतं. गिळलं.
कागद या वेळी नीट गेला, वाट माहीत असल्यासारखा.
लॅपटॉपने विचारलं,
या नावाची फाइल आधीच आहे, जुनी पुसून नवी ठेवू?

दोन्ही ठेव, म्हटलं, मोठ्याने,
आणि बटण दाबेपर्यंत
पडदा काळा झाला.

ठेवल्या की नाही, ते घरी जाऊन कळेल.
परतीच्या होडीत लाटा अंगावर येत होत्या.
पिशवी मी पोटाशी घेतली.
मोज्यातलं यंत्र अजून कोमट होतं.