धातूला ‘णारा’ लावा

खानापूरच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. सव्वीस वर्षं मी
कानडी हुकूम मराठीत उतरवते.
पानाला चाळीस रुपये; शिक्के, ताशेरे फुकट.

सुंदराबाई घाडी कागद घेऊन आली.
रेशनच्या अर्जाखाली: ‘तिरस्करिसलागिदे’.
मी लिहिलं: ‘फेटाळण्यात आला आहे.’
‘कुणी?’ तिनं विचारलं.

मी परत कागदात पाहिलं. कुणी नव्हतं तिथं.

पाट्यांवरून इथं दगड उडतात,
बसला काळं फासतात,
एका अक्षरापायी डोकी फुटलीत.
पण या एका जागी दोन्ही भाषा
सख्ख्या जावांसारख्या,
माडलागिदे, करण्यात आले,
पदर पुढं ओढून उभ्या राहतात
आणि करणाऱ्याला मागच्या दारानं बाहेर काढतात.

एकोणीस वर्षं काजू फोडले बाईनं.
टरफलाच्या तेलानं अंगठ्याच्या रेषा खाल्ल्या.
मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हे.
मशीनवाले म्हणाले, विद्यापीठानं तपासलंय.
विद्यापीठाचा अहवाल अठ्ठेचाळीस पानांचा:
‘दोष आढळून आला नाही.’
न आढळणाऱ्यांनी किती अंगठे
हातात घेऊन पाहिले, याला तळटीप नाही.
साहेबांनी अहवाल वाचला,
म्हणजे वाचण्यात आला,
आणि जेवणाची सुट्टी झाली.

‘मशीन सांगूलालंय, कागद सांगूलालाय,
मग बोलूलालंय कोण, ते तरी सांग की गे.’

नंदगडच्या शाळेत शिंत्रेबाई
फळ्यावर छडी आपटायच्या:
धातूला ‘णारा’ लावा, मग विचारा, कोण?
फेटाळणारा कोण?
तपासणारा कोण?
चौथीतल्या पोरांना जमायचं.
आणि माझ्याच प्रत्येक पानाच्या तळाशी,
सव्वीस वर्षं:
‘भाषांतर करण्यात आले.’

अपील लिहिलं. प्रत्येक ‘णारा’पुढं
नावापुरती जागा कोरी सोडली.
शिरस्तेदार म्हणाले, अर्जात गाळलेल्या जागा भरा नसतं.
मी म्हटलं, गाळल्या मी नाहीत.
खाली पहिल्यांदाच सही:
हे मी लिहिलं. मालन नागेंद्र हंगिरगेकर.
हात जरा कापला, खोटं कशाला बोलू.

सुंदराबाईनं शाईत अंगठा बुडवून दाबला.
काळा गोळा. एक रेघ नाही.
‘नीट आला नाही की,’ मी म्हटलं.
‘असूंदे,’ ती म्हणाली, ‘मीच केलाय.’

झेरॉक्समध्ये तो आणखी काळा आला.