रकाना नऊ

रात्री साडेअकराला सुकुमार चौगुलेनं
गाडी सांगली स्टँडच्या मागं लावली.
माझ्या हातात पॅड, गळ्यात महापालिकेचं कार्ड,
कार्डावर माझा फोटो
आणि खाली बारीक अक्षरात: कंत्राटी.

फॉर्मात बारा रकाने.
नववा, गरज. त्यात चौकोन:
निवारा, जेवण, औषध, कागदपत्रं,
शेवटी ‘इतर’, पुढं बोटभर रेघ.

दस्तगीर मुजावर. वय? "लिवा साठ."
मार्केट यार्डात तीस वर्षं हळदीची पोती वाहिली.
टॉर्च धरला तर तळव्याच्या भेगा अजून पिवळ्या.
"कालच हळद लागलीया," म्हणाला, आणि एकटाच हसला.
केंद्रावर गाद्या आहेत, मी सांगितलं, पंखा आहे.
"तिथं नवाला दार लावत्यात.
कोथिंबिरीचा टेम्पो येतो दोनला.
तुमच्या गादीवर झोपलो तर सकाळी खाऊ काय?"
निवाऱ्यावरची खूण मी खोडली.
मग आठवलं, खाडाखोड चालत नाही.
परत केली.

मिरजेत, जंक्शनबाहेर, एकजण एवढंच बोलला:
पेशंटबरोबर आलो होतो.
कधी?
त्यानं पिशवीतून फाईल काढली,
घडी न मोडलेली, तारीख चार वर्षांपूर्वीची.
पेशंट कुठंय, असा रकाना फॉर्मात नव्हता.
बरं झालं, नव्हता.

परत सांगली. घाट. पायरीवर इरव्वा,
निम्मं कानडी, निम्मं आपलं.
"यव्वा, पुरात बरं होतं बघ.
सगळं गाव शाळेत. वकीलबी, मीबी,
खिचडीला एकच रांग.
ज्यो त्यो विचारायचा, आज्जी, काय पायजे?
पाणी उतरलं
आन विचारणंबी उतरलं."

मला ती शाळा आठवली. सातवी ब.
आमची सतरंजी फळ्याखाली होती,
फळ्यावर कुणीतरी सोडवत आणलेलं गणित.
हिची सतरंजी कुठं होती
ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं.

गरज?
ती बराच वेळ गप्प.
मग बोचकं माझ्याकडं सरकवलं.
"हे धर. संडासला जाऊन येते.
ठेवून गेलं की न्हेत्यात,
घेऊन गेलं की तिथला पोरगा आत सोडत न्हाई.
सांजेपासनं दम धरलाय."

गेली. चपलेचा एक पट्टा तुटलेला,
त्याचा आवाज पायरी पायरीनं वर.

बोचकं वाटलं त्यापेक्षा जड निघालं.
एका कोपऱ्यात काहीतरी टणक होतं,
डबा असेल, नाहीतर कुणाचा फोटो.
मी चाचपलं नाही.
खाली कृष्णा काळी, गप्प,
गुडघ्याएवढीसुद्धा नसल्यासारखी.

सुकुमारनं हॉर्न दिला. दोनदा.
चाळीस फॉर्म भरायचे होते, झाले होते अकरा.
पॅड बोचक्याखाली अडकलेलं,
बॉलपेन कानामागं.
मी तिथूनच ओरडले, थांब.
"काय झालं?" तो ओरडला.
काय सांगणार.
काम चालू आहे, म्हटलं.