शिडी धर

क्लेम, शिडी धर.
दोन्ही हातांनी. मांजर नंतर.

निलगिरीला पानगळीचा म्हणून ऋतू नसतो.
ती बाराही महिने गाळते,
कोयत्यासारखी वाकडी पानं,
जानेवारीत सालीच्या लांबच लांब पट्ट्या,
आणि वारा सगळं आणून ओततो आमच्याच पन्हळीत,
जणू या डोंगरावर दुसरं घरच नाही.

चाळीस वर्षं वर तू होतास, खाली मी.
वरून तुझी हाक यायची : "बादली!"
आणि हाकेच्या आधी शिवी,
कारण हाताला काय लागेल याचा नेम नसे :
काकाकुवांनी कुरतडून टाकलेल्या बिया,
पॉसमचं वाळकं शेपूट,
एकदा तर बेडूक, चिखलात
घरमालकासारखा ऐसपैस बसलेला.
त्याला तू शर्टाच्या खिशातून खाली आणलंस
आणि टाकीपाशी सोडलंस,
तिथलंच पाणी आपण पितो हे माहीत असून.

आता वर मी.
एकाहत्तराव्या वर्षी उंचीची भीती वाटत नाही.
खालच्या गोष्टींची वाटते.

ऑगस्टात गाळ काढते, काळा, चहाच्या चोथ्यासारखा.
त्यात दर वर्षी बोटभर वॅटलचं रोप उगवलेलं असतं,
दर वर्षी मी त्याची माफी मागते
आणि उपटते.
मग सांधे. गंजानं जिथं खाल्लंय तिथं सिलिकॉन भरते,
तुझ्यापेक्षा ओबडधोबड.
उतार मात्र तुझाच आहे अजून,
मीटरमागे दोन मिलिमीटर,
पारदर्शक नळीत पाणी भरून, एक डोळा मिटून
तू दिलेला. पाणी तो विसरलेलं नाही.

नोव्हेंबर लागला की पाण्याचा विचार मागे पडतो,
ठिणगीचा सुरू होतो.
दहा मैलांवरून उडत आलेली एक,
तिला मूठभर वाळकी पानं पुरतात.
गोरिंजांचं घर अंगणातून पेटलं नव्हतं,
गवत तर त्यांनी मुळापासून कापलं होतं.
ते पेटलं पन्हळीतून.

आणि या फेब्रुवारीत तो दिवस आला.
चव्वेचाळीस अंश, उत्तरेचा वारा,
रेडिओवरच्या बाईचा आवाज नको इतका शांत.
मी चिंध्या शोधत होते, सापडत नव्हत्या,
आणि तू, सकाळी ज्यानं मला विचारलं होतं
"बाई, तुम्ही इथल्याच का?",
तू शेडमध्ये गेलास
आणि टोपीत टेनिसचे चेंडू घेऊन आलास.
मोजून सहा.
सहा उतरत्या नळांना सहा.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
त्या दुपारी गेलं.

चेंडूंनी नळांची तोंडं बुजवली,
होजनं पन्हळी काठोकाठ भरल्या,
आणि घर डोक्याभोवती पाण्याची कड घेऊन
धुराकडे बघत उभं राहिलं.
आपणही राहिलो.
संध्याकाळी वारा फिरला.
आग दुसऱ्या कुणाकडे गेली.
त्याचा आनंद इथं कुणी मोठ्यानं करत नाही.

चेंडू मी एप्रिलात काढले, पाऊस यायच्या आदल्या दिवशी.
पाच निघाले. सहावा आत कुठंतरी सरकलाय,
तो नळ अजून कण्हतो,
टाकीत पाणी पडताना उचकी लागल्यासारखा आवाज येतो.
पुढच्या आठवड्यात खोलते.
(असं मी जूनपासून म्हणतेय.)

"ही मी कशाला धरलीय?"
तू खालून विचारतोस.
विचारतोस, पण सोडत नाहीस.

मी उत्तर देत नाही. ओंजळभर गाळ उचलते,
मधे काहीतरी मऊ, थंड, हलणारं हाताला लागतं,
आणि तोंडून आधी शिवी जाते, तुझीच, शब्दन् शब्द,
मग : "बादली!"

खाली कुणीतरी हसतं.
शिडी हलते.
क्लेम, नीट धर.