सतरा नंबर

पंचफुला बावणे पंचवीस मोजून देते,
वर एक, "मेला बिला तर असू द्या" म्हणून.
ओल्या पोत्यात, कन्हानच्या काठावरून, सकाळच्या बसने
अमरावती रोडला, विभागाच्या मागच्या दाराशी.
पोत्यात खसखस चाललेली,
भिजलेल्या काड्या कुणी घासत बसल्यासारखी.

उलटा करून ती नर-मादी सांगते.
अंगठ्याने पाठ दाबून तारीख सांगते :
"हा आठ रोजानं अंग टाकीन.
हा नरम हाय बाई, याले हात नोका लावू."
मला तेवढ्यासाठी एक किट लागतं
आणि दोन दिवस.

शाळेत त्याला विकर म्हणायचे.
सर फळ्यावर शब्द लिहून पुढच्या धड्याला लागायचे.
आता मी जबड्याच्या मुळाशी
तांदळाच्या कणीएवढी पिवळट ग्रंथी शोधते,
बर्फावर वाटते, फिरवते, वरचं पाणी घेते.
त्यात ते असतं. दिसत नाही.
रात्री कुणी बांध फोडला
हे सकाळी पाण्यावरून कळतं, तसं ओळखायचं.

एका आम्लाच्या शेपटाला एक मिथिल टाचून देतं,
एवढंच.
लग्न जुळवून पंगतीला न थांबणाऱ्या माणसासारखं
पुन्हा नामानिराळं.
पण त्या टाचणीनं संप्रेरक होतं
आणि मादीच्या पोटात अंडी भरू लागतात.
पलीकडच्या ग्रंथीत असेच चार-पाच जण
कोलेस्टेरॉल तासत बसलेले
(ते त्याला घरी करता येत नाही,
खाऊनच आणावं लागतं),
त्यातून कात टाकायचा हुकूम निघतो.

डोळ्यांच्या देठात मात्र 'थांब' म्हणणारं कुणी आहे.
म्हणून देठ कापायचे.
पंचफुलाने एकदा पाहिलं.
"काहून कापता वो त्याचे डोये?"
ब्रेक असतो तिथे, मी म्हटलं.
"मंग पाहीन कायनं?"
मी प्रोटोकॉलचं पान उलटलं.

मे. सत्तेचाळीस.
कूलरची वाळ्याची ताटी वाळून खडखडीत.
दुपारी दोनला लाइट गेली ती गेलीच.
फ्रीजर उणे ऐंशी, उणे साठ, उणे बेचाळीस.
आत तीन वर्षांच्या कुप्या, माझ्या अक्षरातल्या.
विकर उष्णतेनं मरत नाही, उलगडतं.
घडी मोडते, मग कामाला हात उरत नाहीत.
पंचफुलाचा जावई मंगळवारी बाजारातून
भुशात गुंडाळलेली लादी घेऊन आला,
स्कूटीच्या पायाशी, ठिबकत.
दीडशे रुपये. पावती नाही.
मासळीच्या वासाच्या त्या बर्फात
आम्ही माझा प्रबंध पुरून ठेवला.
निम्मा वाचला.

त्याच रात्री टाकीत सतरा नंबर दोन झाला.
एक रिकामा, एक ओला.
पाठीची शिवण उसवून मागच्या मागे निघालेला,
पाय, कल्ले, जठराचं अस्तरसुद्धा सोलून,
आणि पाणी पिऊन मोठा होत होता,
मळलेल्या कणकेसारखा, कुणाच्याही बोटाचा ठसा घेईल असा.
तक्त्यात होतं : कात टाकल्यावर, शून्य तास, ग्रंथी काढणे.
काढली.
कात्री लागलीच नाही.

आकडा चांगला आला.
आलेखात ते टिंब बाकीच्यांपासून दूर, वर.
"काय निंगालं?" पंचफुलाने विचारलं.
मी टिंब दाखवलं.
भाव पडल्यावर हलवते तशी मान हलवून
तिने पोतं झटकलं.

कात खिडकीत वाळत ठेवलीय.
कूलर लागला की सरकते,
तिरपी, दाराच्या बाजूला.
नांग्या आहेत, मिशा आहेत,
डोळ्यांच्या जागी दोन खुंट.
तेही त्याने सोलून टाकलेत, जसेच्या तसे,
माझ्या कात्रीच्या मापाचे.