मॅचिंग

पागनीस आले तेव्हा त्यांच्या मुठीत
विड्याच्या पानाएवढं कापड.
"शाल्मलीच्या फ्रॉकचं. मल्हारगंजातल्या शिंप्याकडून
मागून आणलं. शनिवारी गॅदरिंग. दोन हवेत."

महेश्वरीची कतरन, जांभळी,
काठाशी जरीची एकच रेघ.
एवढ्यात दोन बो म्हणजे
मागून अस्तर लावून फसवणं आलं.
मेणबत्तीवर रिबनची कड जाळते मी,
धागा सुटू नये म्हणून;
अंगठ्यावर गरम गोंदाचे डाग,
त्यांची आता मोजदाद नाही.

ते उठेनात.
"वेणी... कशी घालतात?
ही एम.वाय.ला, महिनाभर रात्रपाळी.
सकाळी शाळेची बस आधी येते, ही नंतर."

बँकेत नोटा मोजणारी बोटं.
मी पडद्याचा गोंडा पुढे केला.
तीन पेड. उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर.
सराफ्यात खाण्याची दुकानं लागायची वेळ झाली
तरी माणूस गोंड्याशीच.
मधला पेड दरवेळी निसटायचा
आणि ते त्याला म्हणायचे, "अरे भिया!"

रविवारी फोटो दाखवला:
एक बो कानावर, दुसरा मानेपाशी,
भांग खान नदीसारखा वळत गेलेला.
शाल्मली हसतेय,
पुढचे दोन दात नाहीत.
"मॅचिंग झालं ना?"
मी फ्रॉककडे पाहिलंच नव्हतं.

पुढच्या जोडीला
क्लिपची स्प्रिंग जरा घट्ट निवडली.
पडद्याचा गोंडा मात्र तसाच आहे,
अर्ध्यावर सुटलेल्या वेणीचा.