गोंद

ताहेरभाई काउंटरवर पाच रोल मांडतात.
हा क्रोमो. हा थर्मल, याला शाई लागत नाही.
हा रिबनवाला, महाग, पण ऊन पचवतो.
मस्जिद बंदरच्या गल्लीत हातगाडी अडकलीय,
मागचा टेम्पोवाला कुणाची तरी आई काढतोय,
आणि मी नखानं कोपरे उचकटून बघतेय
कोण किती चिवट.

मला उणे अठराला टिकणारा हवाय.

मागच्या खेपेला स्वस्तातला घेतला होता. मीच.
ससून डॉकची बाराशे खोकी सुरमई
रात्रभर शीतगृहात राहिली
आणि सकाळी लेबलं फरशीवर, खवल्यांसारखी.
दोह्याची कुठली, कोलंबोची कुठली,
कुठला लॉट, तारीख काय,
बर्फाला विचारून काय उपयोग?
साहेब ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "लावा हिशोब."
तेव्हा यशोदा तांडेल हातमोजे काढून
एकेक खोकं उघडत, माशाच्या डोळ्यांत बघत
सांगत गेली: हा मंगळवारचा. हा बुधवारचा. हा... बुधवारचाच.
मी लिहीत गेले.
तिचं काही चुकलं असेल तर ते आता कोलंबोत शिजून गेलं.

"मॅडम, कागद सगळेच चांगले," ताहेरभाई म्हणतात,
"गोंद बघायचा. आणि ओल्यावर चिकटवायचं नाही.
आधी पुसा, मग दाबून धरा,
दहा मोजेपर्यंत."
हे ते गिऱ्हाइकाला सांगतात की जावयाला,
त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

पाचांचे नमुने डब्याच्या पिशवीतून घरी आणले.
एक खोवलेल्या नारळाच्या डब्यावर, एक बर्फाच्या ट्रेवर,
एक कोलंबीच्या पिशवीवर, एक मटारांवर,
फ्रीजरचं दार लावलं, झोपले.

सकाळी दोन गळून पडलेले.
तिसऱ्याचा कोपरा वर, हात केल्यासारखा.
चौथा ओढला तर मटारांची पिशवीच फाटली.
पाचवा सापडेना.

ओंकारला विचारलं. तो दात घासतच राहिला, फार वेळ.
मग कळलं: रात्री त्यानं त्यावर स्केचपेननं लिहिलं
'वर ही बाजू', बाणही काढला,
आणि झोपलेल्या बापाच्या बनियनवर, पाठीला,
दहा मोजून दाबला.
बाप त्यावरच शर्ट चढवून
पहाटे वडाळ्याच्या गोदामात हमालीला गेलाय.

हा थंडीचा निकाल नव्हे, घामाचा. कळतंय मला.
तरी ताहेरभाईंना फोन केला,
ऑर्डर आज धरू नका,
संध्याकाळी सांगते.