वळ गं

साठ एकर. लॉर्डाचे नाहीत, खंडाने घेतलेले नाहीत.
अँब्रोजच्या पणज्याने लोकर विकून विकून
एकेक तुकडा जोडलेला.
म्हणून तर त्याला पत्र आलं:
घोडा तुमचा आणा, तलवार सरकार देईल.

निळा डगला पोटावर मीच सैल केला.
बटणं अकरा; बारावं
पहिल्याच कवायतीला बीअरच्या पिंपामागे हरवलं.
वर्षातून आठ दिवस आमचे शेजारी शिपाई होत,
काठीवर खोचलेल्या कोबीचे गड्डे कापत.
आम्ही बायका कुंपणाला टेकून हसायचो.
मग आठवडाभर कोबीचंच सूप.

नोव्हेंबरात मळणीयंत्रं फुटू लागली.
हिवाळाभर धान्य झोडपून जगणारे हात
यंत्रांनी रिकामे केले होते,
रिकाम्या हातांना घण सापडला.
टेकडीपलीकडे गंज पेटली त्या रात्री
आमच्या दुधाच्या भांड्यातही तांबडं दिसलं.

ज्यूनो आमची नांगराची घोडी. लढाईचीही तीच.
जोताने केस गेलेल्या खांद्यामागे
पहाटे अँब्रोजने खोगीर कसलं.

पुढचं त्याने सांगितलं नाही.
चीजवाल्या प्रेटरच्या बायकोने सांगितलं,
चर्चच्या पायरीवर, आवाज न दाबता:
रस्ता अरुंद, तलवारी उपसलेल्या,
समोर साठ-सत्तर माणसं, आणि सगळ्यांत पुढे
ईनक मॅसलन. आमचा ईनक,
नऊ वर्षं आमचा नांगर धरलेला.
कप्तान ओरडला. घोडे सुटले.
ईनकने दगड उचलला नाही.
तासाच्या टोकाला म्हणायचा तसं
हळूच म्हणाला, ‘वळ गं.’

आणि ज्यूनो वळली.
डगल्यासकट, तलवारीसकट,
अकरा बटणांसकट, डावीकडे.
मागचे दोन घोडे तिच्यावर आदळले.
लोक हसले म्हणे. इकडचे, तिकडचेही.
कप्तान हसला नाही.

ईनकला सात वर्षं झाली, समुद्रापार.
साक्षीचं बोलावणं घेऊन माणूस आला तेव्हा
अँब्रोजला ताप आहे असं मीच दारात सांगितलं.
ताप नव्हता.

तलवार आता धुराड्यात आडवी आहे,
तिला डुकराची मांडी टांगली आहे.
मार्चमध्ये अँब्रोजने स्वतः नांगर धरला.
तासं वाकडी. टोकाला पोचलं की
तो ओरडतो, लगाम खेचतो,
आईबापावरून शिव्या देतो.
घोडी कान मागे टाकून उभी.

काल जेवण घेऊन गेले, तर बांधाशी
तिच्या मानेवर हात ठेवून तो
ईनकचा आवाज काढून बघत होता.
पुन्हा. पुन्हा.
पाव कुंपणाच्या फळीवर ठेवून
मी तशीच परत आले.